खाडा : कपिलधारहून मॉरिशसला गेलेल्या एका सुट्टीची हकिकत

या मालिकेत आजवर आपण बारवा पाहिल्या, वीरगळ वाचले, दुष्काळांच्या नोंदी धुंडाळल्या. मागे एकदा गिरमिटिया मजुरांवर एक मोठा धागा लिहिला होता. तो आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या धाग्यात तारखा होत्या, जहाजे होती, कायद्यांची कलमे होती. एक गोष्ट मात्र मी जाणूनबुजून वगळली होती. ती आज लिहीत आहे. अर्धा इतिहास आणि अर्धी घरची हकिकत असा हा धागा आहे. थोडा लांबेल, तेव्हा सवडीने वाचावा.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही चौघे मॉरिशसला गेलो : मी, पत्नी, सातवीत शिकणारी मुलगी आणि आई. पर्यटन हा निमित्तमात्र भाग होता. माझा चुलत भाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणतो, पुण्यात शिकत असताना त्याची ओळख मॉरिशसहून मराठी शिकायला आलेल्या एका विद्यार्थिनीशी झाली. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर तिकडची मुले इकडे येतात, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पुढे दोघांचे लग्न झाले, दादा तिकडेच स्थायिक झाला आणि वहिनी आता वाक्वा या गावाजवळच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवतात. दहा वर्षे त्यांचे बोलावणे होते. आईला एकदा तरी आणाच, असा वहिनींचा हट्ट होता.

आईने होकार दिला, पण एका अटीवर. कार्तिकी पौर्णिमेच्या आत परत आले पाहिजे.

आमचे गाव कपिलधारच्या डोंगरापलीकडे आहे. बीडहून निघून मांजरसुंब्यापाशी आत वळले की बालाघाटाच्या कुशीत कपिलधार लागते. काळ्या कातळावरून कोसळणारा धबधबा आणि त्याच्या सान्निध्यात संत मन्मथस्वामींची समाधी. मन्मथस्वामी हे वीरशैव परंपरेतील थोर मराठी संतकवी. ‘परमरहस्य’ या ग्रंथात त्यांनी वीरशैव तत्त्वज्ञान मराठी ओवीत आणले. तत्त्वज्ञान संस्कृतात आणि परंपरेचे प्रमुख वाङ्मय कन्नडमध्ये, अशा स्थितीत मराठी बोलणाऱ्या भक्तांसाठी हे केवढे मोठे काम होते याची कल्पना यावी. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या पायी येतात. घाटातली वाट भगव्या पताकांनी भरून जाते.

आईची अट ही भाविकतेची अट आहे, असे मी गृहीत धरले. इतिहासाचा अध्यापक म्हणवणाऱ्या माणसाने गृहीतके तपासून घ्यावीत. मी ती घेतली नाहीत. भाऊबीज आटोपली आणि त्या रात्रीच आम्ही मुंबईहून विमानात बसलो. सहा-साडेसहा तासांचा प्रवास. आई खिडकीशी बसली आणि एकदाही झोपली नाही.

उतरल्यावर तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे : “हा तर आपल्याकडचाच दगड हाय की रं.”

रस्त्याच्या दुतर्फा उसाची शेते होती आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग रचलेले होते. काही ढीग तर पायऱ्यापायऱ्यांचे, एखाद्या गढीसारखे. मी हसून सोडून देणार होतो. पण आईचे म्हणणे भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड हिंदी महासागरातील एका तप्तबिंदूवरून सरकत असताना लाव्हारसाचे थरांवर थर साचले आणि दख्खनचे पठार, म्हणजे आपला बालाघाटही, तयार झाला. भूखंड उत्तरेकडे निघून गेला, तप्तबिंदू तिथेच राहिला. त्याच तप्तबिंदूने पुढे, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस बेट समुद्रातून वर काढले, आणि आज तो शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगत आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे याच प्रकारे, पण दुसऱ्या तप्तबिंदूवर जन्मली. कपिलधारचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ हे एका चुलीवरचे, इतकेच लक्षात ठेवले तरी पुरे.

ते ढीग मात्र निसर्गाने रचलेले नाहीत. उसासाठी जमीन मोकळी करताना हातांनी वेचलेले ते दगड आहेत. आधी गुलामांच्या हातांनी, नंतर आपल्या माणसांच्या.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ऊस या बेटावर सतराव्या शतकात डचांनी आणला. १७१५ साली बेट फ्रेंचांकडे गेले, १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकले. गुलामगिरी येथे १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. मळेवाल्यांना त्यांच्या ‘मालमत्ते’ची भरपाई म्हणून इंग्लंडच्या तिजोरीतून सुमारे वीस लाख पौंड मिळाले, मुक्त झालेल्यांना छदामही मिळाला नाही. मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. मग मजूर आणायचे कुठून? २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. पाच वर्षांचा करार, पुरुषाला दरमहा पाच रुपये, शिवाय काही वेतन आगाऊ. इंग्रज सरकारने या व्यवस्थेला ‘महान प्रयोग’ असे नाव दिले. हा प्रयोग पुढे फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका असा पसरत गेला. एकट्या मॉरिशसमध्ये १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे उतरली.

त्यांत मराठी माणसे किती? कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांपैकी मुंबईचा वाटा सर्वांत लहान. रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी या मुलखांतली ही माणसे. मुंबई बंदरातून गेली म्हणून तिकडे त्यांना ‘बोंबाय’ म्हणत. आजही जुनी माणसे मराठी लोकांचा उल्लेख तसा करतात. संख्या लहान असूनही त्यांनी गणपती सोडला नाही. हेन्रिएटा गावी १८९६ साली पहिला गणेशोत्सव झाला असे तिकडे सांगितले जाते, आणि आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ होऊन टिकली. भाषा मात्र घरातून गेली. घरात क्रेओल बोलली जाते. मराठी शाळेत शिकवली जाते. वहिनींचे वडील आमच्याशी क्रेओल आणि भोजपुरीत बोलत, आणि मधूनच ‘बस’, ‘जेव’, ‘पाणी घे’ असे शब्द यायचे. ते शब्द ऐकताना अंगावर काटा येई. दीडशे वर्षे जपून ठेवलेले सुटे मणी. दोरा तेवढा तुटलेला.

तिसऱ्या दिवशी दादा आम्हांला दक्षिणेकडे घेऊन निघाला. तिकडचा तोडणीचा हंगाम जून ते डिसेंबर असा असतो, त्यामुळे फड उभे होते. बहुतेक ठिकाणी यंत्रे चालू होती. एका ठिकाणी मात्र उताराची, दगडगोट्यांची जमीन असल्याने माणसे तोडत होती. आईने गाडी थांबवायला लावली.

ती उतरली, बांधावरून आत गेली आणि तुटलेल्या बुडख्यांपाशी खाली बसली. एका बुडख्यावर अंगठा फिरवून म्हणाली, “बुडातनं तोडलाय. हात चांगला हाय.” मग आजूबाजूला पाहून : “खोडवा हाय हा. किती वर्सांचा?” दादाने तोडणाऱ्यांपैकी एकाला विचारले. एकदा लावलेला ऊस ते सात-आठ वर्षे ठेवतात, असे उत्तर आले. आईला हे पटेना. तिने पाचटाचा थर हाताने बाजूला करून मुळे पाहिली.

माझी मुलगी हे सारे विस्मयाने पाहत होती. तिने विचारले, “आजी, तुला हे सगळं कसं कळतं?”

आईने माझ्याकडे पाहिले.

मित्रहो, वगळलेली गोष्ट ती हीच. माझ्या आईवडिलांनी अकरा हंगाम ऊस तोडला. १९८८ च्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा गेले, ते १९९९ च्या उन्हाळ्यात शेवटचे परतले. मी आजीपाशी गावात राहिलो, शिकलो, प्राध्यापक झालो. शाळेच्या अर्जांवर आईच्या व्यवसायापुढे मी नेहमी ‘घरकाम’ लिहिले. लग्न जमताना ‘शेती’ म्हणून सांगितले. मुलीला सांगितले की आजी-आजोबा शेतकरी होते. हे खोटे नव्हते. चार एकर कोरडवाहू होती. पण वर्षातले सहा महिने ते कुठे असत, हे मी कुणालाच सांगितले नाही. आणि तोच मी गिरमिटियांवर लांबलचक धागे लिहीत होतो, व्याख्याने देत होतो, त्यांच्या वंशजांनी इतिहास लपवू नये म्हणून कळकळीने सांगत होतो.

“मी तोडायची ऊस,” आईने नातीला सांगितले. “तुझा आजा तोडायचा, मी मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत भरायची.” एवढे बोलून ती गाडीत जाऊन बसली.

ज्या वाचकांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी : बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मुकादम हंगामाआधी जोडीला ‘उचल’ देतो, आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याची बांधील. फडाशेजारी पाचटाच्या, आता ताडपत्रीच्या कोप्या. पहाटे चारला उठून तोडणी, रात्री-बेरात्री गाडी भरणे. हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ म्हणतात. उचल फिटली नसेल तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. व्यवहार नवऱ्याच्या नावाने. बायकोचे नाव कुठेही येत नाही.

२ नोव्हेंबर हा तिकडे राष्ट्रीय सुट्टीचा दिवस असतो, मजुरांच्या आगमनाचा. त्या दिवशी आप्रवासी घाटावर सरकारी समारंभ असल्याने आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. पोर्ट लुईच्या धक्क्यालगतची ही वास्तू १८४९ पासून मजुरांच्या उतारतळासाठी बांधली गेली. पूर्वी तिला ‘कुली घाट’ म्हणत. २००६ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. ज्या पायऱ्या चढून माणसे आत येत त्या पायऱ्या आजही आहेत. समुद्र मात्र भराव टाकून मागे ढकललेला आहे, मधून मोटारींचा हमरस्ता जातो. अजिंठ्याच्या भव्यतेची सवय असलेल्या डोळ्यांना ही जागा फारच साधी वाटते. दगडी चौथरे, एक-दोन भिंती, न्हाणीघरे, रुग्णालयाचा भाग. वारसास्थळ म्हणजे देखणे काहीतरी, अशी अपेक्षा असलेले पर्यटक इथून दहा मिनिटांत बाहेर पडतात.

वहिनी समजावून सांगत होत्या, आई ऐकत होती. करार काय असे, ‘सिरदार’ कोण, तो गावाकडून माणसे कशी आणी आणि मळ्यावर त्यांच्यावर देखरेख कशी करी. आई म्हणाली, “मुकादम.” वहिनी म्हणाल्या, “हो काकू, तसंच.” मग वहिनींनी ‘डबल कट’चा नियम सांगितला. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडेच, शिवाय आणखी एका दिवसाची कापली जाई. आजारी असला तरीही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत हा नियम मळ्यांवर वापरात होता.

आई चालता चालता थांबली. “म्हंजी खाडा,” ती म्हणाली.

वहिनींना हा शब्द माहीत नव्हता. पुण्यातल्या अभ्यासक्रमात तो नसणार. आईने सांगितले : एक दिवस काम चुकले की मुकादम उचलीत दंड चढवतो, त्याला खाडा म्हणतात. पाळी आली तरी खाडा, ताप आला तरी खाडा. मी पोटात होतो तेव्हाचे नव्हे, पण माझ्या पाठच्या बहिणीच्या वेळचे तिने तिथे, त्या दगडी चौथऱ्यावर उभे राहून सांगितले. बाळंतपण फडातच झाले आणि पाचव्या दिवशी ती मोळी बांधायला उभी राहिली, कारण खाडे साचले होते. ती बहीण दोन महिन्यांची होऊन गेली. मला हे माहीत होते का? बहीण होती आणि गेली, इतके माहीत होते. फडात, आणि खाड्याच्या हिशेबात, हे माहीत नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.

खाड्याच्या या भयाचे पुढे काय झाले, ते महाराष्ट्राला २०१९ साली कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीच नको, म्हणजे खाडा नको, हा त्यामागचा एक हिशेब होता.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची मूळ दप्तरे जपलेली आहेत. वंशजांना अर्ज केल्यावर पूर्वजांच्या नोंदीचा उतारा मिळतो. वहिनींनी आपल्या घराण्याचा उतारा काढून चौकटीत लावला आहे. त्या संध्याकाळी त्यांनी तो भिंतीवरून उतरवून आईच्या हातात दिला. अनुक्रमांक. जहाजाचे नाव. मजुराचे नाव. बापाचे नाव. वय २२. उंची पाच फूट तीन इंच. जात. अंगावरील खूण : डाव्या पोटरीवर व्रण. जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले आहे. त्यावरून मूळ गाव आजवर सापडलेले नाही. आडनावाचा रकानाच नव्हता, म्हणून त्या माणसाचे पाळण्यातले नाव हेच पुढच्या सर्व पिढ्यांचे आडनाव झाले. मॉरिशसमधील अनेक भारतीय घराण्यांची हीच कथा आहे.

मी या नोंदीकडे संशोधकाच्या नजरेने पाहत होतो आणि वसाहतवादी राज्यसत्ता माणसाला क्रमांकात कशी रूपांतरित करते वगैरे वहिनींशी बोलत होतो. हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत चिनी, जपानी, फिलिपिनो मजुरांच्या गळ्यात वा कमरेला क्रमांकाचा धातूचा बिल्ला असे, त्याला ‘बांगो’ म्हणत. मळ्याच्या दुकानातली उधारीही त्याच क्रमांकावर चढे, हेही मी सांगितले. तिथला अखेरचा साखर मळा २०१६ मध्ये माउई बेटावर बंद झाला. बोलण्यात मी रंगलो होतो.

आईने मला मध्येच विचारले, “ह्याच्या पोटरीवरचा वण लिवलाय?”

“हो.”

“कुणी लिवला?”

“सरकारी कारकुनानं. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून.”

“माझ्या पण पोटरीवर हाय.” तिने लुगड्याचा काठ थोडा वर केला. कोयत्याचा जुना, पांढुरका व्रण. “कुठं लिवलाय?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. अकरा हंगाम, तीन कारखाने, किती टन ते कुणास ठाऊक. आणि आईच्या नावाचा एकही कागद नाही. मुकादमाच्या वहीत वडिलांचे नाव आणि अंगठा असेल. ती वही आता असण्याचे कारण नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला पळून जाऊ न देण्यासाठी का होईना, कुणीतरी नीट पाहिले होते. २०१९ साली ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आणि पुढे कामगारांच्या नोंदणीचे, ओळखपत्रांचे काम सुरू झाले. आईचे तोडणे त्याच्या वीस वर्षे आधीच संपले होते.

वहिनींच्या आजी त्याच घरात मागच्या खोलीत राहत. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनीही मळ्यावर काम केले होते. त्यांना मराठी जवळजवळ येत नव्हते आणि आईला क्रेओल येणे शक्य नव्हते. तरी त्या रात्री दोघी ओसरीत किती तरी वेळ बसल्या. मी दुरून पाहत होतो. आजींनी तळहात पुढे केला, आईने आपला त्याच्या शेजारी ठेवला. मग आजींनी मानेला हात लावून काही दाखवले : उसाच्या पात्यांनी मान कशी चिरते ते. आईने पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली कसा बांधायचा ते दाखवले. आजी खळखळून हसल्या. त्याही तसाच बांधत. एका क्षणी आजी ‘पोर’ म्हणाल्या, एवढा एकच मराठी शब्द, आणि दोन बोटे दाखवली. आईने एक बोट दाखवले. नंतर दोघी बराच वेळ गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गंगा तलावावर गेलो. ज्वालामुखीच्या मुखात साचलेले हे सरोवर. महाशिवरात्रीला लाखो लोक खांद्यावर कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून तिथवर चालत जातात. १८९८ साली पहिल्यांदा माणसे तशी चालत गेली. १९७२ साली भारतातून आणलेले गंगाजल त्यात ओतले गेले. आईने पायरीवर पाय धुतले आणि पाण्याकडे पाहत म्हणाली, “चालत येत्यात म्हण. आपल्या कपिलधारला येत्यात तसे.” मग मी तिला सहज विचारले की कार्तिकीच्या आत परतायचा एवढा आग्रह का, आजवर इतक्या यात्रा केल्या, एक चुकली असती तर?

ती म्हणाली, “अकरा चुकल्यात.”

दसऱ्यानंतर उचल घेतलेली जोडी कार्तिकी पौर्णिमेला फडातच असणार. डोंगरापलीकडे दिंड्या यायच्या तेव्हा ती तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असायची. शेवटचा पट्टा पडल्यानंतर, म्हणजे १९९९ पासून, तिने एकही यात्रा चुकवलेली नाही. मधल्या टाळेबंदीतही ती एकटी घाटापर्यंत जाऊन हात जोडून आली होती.

६ नोव्हेंबरला आम्ही परतलो आणि ८ तारखेला पौर्णिमेच्या दिवशी कपिलधारला गेलो. मुलीने प्रवासात एक वही केली होती. आप्रवासी घाटाच्या नोंदीत जसे रकाने होते तसे तिने आखले : नाव, बापाचे नाव, वय, उंची, खूण, गाव, तालुका, जिल्हा. धबधब्याच्या आवाजात तिला ओरडून प्रश्न विचारावे लागत होते आणि आई ओरडून उत्तरे देत होती. आसपासचे यात्रेकरू वळून पाहत होते. उंची मोजलेली नव्हती म्हणून मुलीने समाधीमंदिराबाहेरच्या भिंतीशी आजीला उभे करून वितीने मोजली. ‘क्रमांक’ या रकान्यापाशी ती अडली. आई म्हणाली, “नंबर न्हवता बाई. कोयता म्हनायचे.” मुलीने तेच लिहिले. मग आईने टोळीतल्या इतर बायांची नावे सांगायला सुरुवात केली. त्यांतल्या काही गेल्या होत्या. त्यांच्याही खुणा तिला पाठ होत्या.

परतताना मांजरसुंब्याच्या चौकात उशिरा निघालेली एक टोळी चहासाठी थांबली होती. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, वर संसार : भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरे. आईने गाडी थांबवायला सांगितली. ती उतरून ट्रॉलीतल्या बायांशी बोलली. एका लेकराच्या हातात तिने प्रसादाचा पुडा दिला. पाच-सात मिनिटांनी येऊन बसली. मुलीने विचारले, काय विचारलंस त्यांना?

“खाडा किती हाय म्हनून विचारलं,” आई म्हणाली. “पाचशे झालाय.”

मुलीने वही उघडली आणि ते लिहून घेतले.